बाईच रेफरी पाहिजे

कुवेतमध्ये मी विद्यापीठाच्या मुलींना बर्फावरची हॉकी शिकवते, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसायचा आणि मग उन्हाळ्यात तिथे किती डिग्री असतं ते विचारायचा. सुरुवातीला मी नीट समजावून सांगत असे. रिंक बंदिस्त असतं, बर्फाच्या खाली गार पाइप असतात, बाहेर जिवाची काहिली होत असली तरी आत स्वेटर लागतो. पुढे पुढे कंटाळा आला. माझ्या आईने तर कधी समजूनच घेतलं नाही. "तिथे वाळू आहे ना ग सगळी?" असं ती दर फोनला विचारायची. आता शिकवतच नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

मुळात मी चाकांवरची. पुण्यात शाळेच्या मागे सिमेंटचं एक रिंक होतं, तिथे चाकांच्या स्केटवर हॉकी खेळत मी मोठी झाले. गुडघे कायम सोललेले. कॉलेजात असताना एका हिवाळ्यात लडाखला शिबिराला गेले आणि गोठलेल्या तळ्यावर पहिल्यांदा पात्यांचे स्केट घातले. पहिला सगळा दिवस मी बसकण मारूनच काढला, पण चटक लागली ती लागलीच. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, आणि मग लग्न झालं ते कुवेतमध्ये अहमदीला तेल कंपनीत मेन्टेनन्स बघणाऱ्या माणसाशी. म्हणजे आयुष्यभराच्या बर्फाचा निकाल लागला, असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलं. मीही धरलं होतं.

महबूल्याच्या फ्लॅटमध्ये पहिली दोन वर्षं दोन बिल्डिंगांच्या फटीतून दिसणारा समुद्र बघण्यात गेली. मग एका खासगी विद्यापीठात मुलींच्या जिममध्ये नोकरी मिळाली. ट्रेडमिलवर चालणाऱ्या मुलींकडे बघत उभं राहायचं, एवढंच काम. तिथल्याच काही मुली शहरातल्या रिंकवर हौसेने स्केटिंगला जात होत्या. त्यांना कुठून तरी कळलं की ही इंडियन बाई हॉकी खेळलेली आहे, आणि त्या माझ्या मागेच लागल्या. अशी आमची टीम झाली. कुणी ठरवून केली नाही, आणि बहुधा म्हणूनच ती कुणालाच आपली वाटली नाही.

रिंकवर बायकांची वेळ ठरलेली असे. भर दुपारची, जेव्हा कुणालाच ती नको असते तेव्हाची. त्या वेळात आत एकही पुरुष नसायचा. काचांवर पडदे ओढायचे, दाराशी बसलेल्या बाईंकडे सगळ्यांनी आपापले मोबाइल टोपलीत टाकायचे, म्हणजे कुणी फोटो काढायला नको. हे पडदे नसते तर निम्म्या मुलींच्या घरून परवानगीच मिळाली नसती, हे मला कळत होतं, त्यामुळे धड रागावताही यायचं नाही. पण बर्फ गुळगुळीत करणारी गाडी चालवायला पुरुषच होता. तो आमच्या आधी गाडी फिरवून निघून जायचा आणि अर्ध्या तासात बर्फाचा खवलेल्या खोबऱ्यासारखा चुरा व्हायचा. त्याला परत बोलवायचं तर मुलींनी आत जाऊन कपडे बदलून बसायचं, मग त्याने यायचं, मग त्याने जायचं. तोवर आमची वेळ संपलेली. मला गाडी शिकवा, मी चालवते, असं मी लेखी दिलं. विम्यात बसत नाही म्हणाले. मग आम्ही खोबऱ्यावरच खेळलो.

आमची सगळ्यात चांगली खेळाडू माझ्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर राहायची. आईवडील नाशिकचे, वडील पेट्रोकेमिकलमध्ये, मुलगी जन्मली आणि वाढली इथेच. मी मराठीत विचारायचं आणि तिने बहुतेक इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संवाद. मला ती मावशी म्हणायची. रिंकवरही मावशीच. ते ऐकून बाकीच्या मुलीही, कुवेती, इजिप्शियन, सीरियन, सगळ्या मला मावशी म्हणायला लागल्या. मराठीत कोचला मावशी म्हणतात अशी त्यांची समजूत होती आणि मी ती दुरुस्त केली नाही.

ही मुलगी शाळेत फुटबॉल खेळलेली. त्यामुळे पक, म्हणजे बॉलच्या जागी असते ती रबरी चकती, समोर आला की तिचा पाय आधी जायचा आणि स्टिक मागून. दोन वर्षं मी तिच्या पायाशी भांडत होते. नियम तसा सोपा आहे. पायाने पक अडवला तर चालतं. स्केटला आपटून चुकून आत गेला तरी गोल धरतात. पण पाय मारून पक जाळीत घातला तर तो गोल नाही. "स्टिक कशाला दिलीय तुला, कणीक मळायला?" असं मी ओरडले की ती हसायची. "सॉरी मावशी, माय लेग हॅज इट्स ओन ब्रेन." आणि पुढच्याच मिनिटाला पुन्हा पाय.

आमच्या खेळ विभागाचे प्रमुख कुवेती होते. गोड माणूस. कधी आवाज चढवला नाही, कधी चहा विचारल्याशिवाय राहिले नाहीत. कुठलीही अडचण सांगितली की "मा फी मुश्किला, कोच," म्हणायचे, म्हणजे काही अडचण नाही. अडचण जिथल्या तिथे असायची, फक्त आता ती माझी एकटीची झालेली असायची. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात पॅडल शिरलं होतं. कुवेतमध्ये हल्ली जिथे मोकळी जागा दिसेल तिथे पॅडलचं कोर्ट उभं राहतं, काचेच्या भिंतींचं, टेनिस आणि स्क्वॉशचं मिळून काहीतरी. विद्यापीठाला दोन कोर्टं हवी होती, आणि आमच्या बर्फाच्या भाड्याकडे वरच्या लोकांचं लक्ष गेलं होतं.

प्रमुखांनी मला बोलावलं. दुबईत आखातातल्या विद्यापीठांची मुलींची स्पर्धा होणार होती आणि कुवेतमधून एकच टीम जायची होती. टीम होत्या दोन, आमची आणि दुसऱ्या एका विद्यापीठाची. एक मॅच होईल, जिंकेल ती टीम जाईल. "तुम्ही जिंका," ते म्हणाले, "मग पुढच्या वर्षीचा बर्फ मी कुणाला काढू देणार नाही. हरलात तर माझ्या हातात काही नाही." माणूस शब्दाचा पक्का होता, दोन्ही बाजूंनी.

मुली पेटल्या. मीही पेटले. मी त्यांना जमिनीवर पळवलं, पार्किंगमध्ये टेनिसच्या बॉलवर सराव करवला, सबाह अल-सालेमला राहणाऱ्या आमच्या कॅप्टनच्या घराच्या तळघरात जाळी लावून शॉट मारायला लावले. कॅप्टनच्या आईने आम्हाला मच्छीभात करून घातला आणि फुटलेल्या ट्यूबलाइटबद्दल एक शब्द काढला नाही. मी इतकी सुखी पुन्हा कधी झाल्याचं मला आठवत नाही.

आणि मग घोडं पेंड खायला लागलं ते रेफरीपाशी. स्पर्धेच्या आयोजकांचं म्हणणं, रेफरी परीक्षा पास झालेला हवा, नाहीतर मॅच धरणार नाही. रिंकचं म्हणणं, बायकांच्या वेळात आत पुरुष येणार नाही. म्हणजे परीक्षा पास झालेली बाई पाहिजे. अशी एक अमिरातीतून यायची ठरली होती. मॅच दोन दिवसांवर आली आणि तिचा व्हिसा आलाच नाही. मॅच पुढे ढकलावी तर पुढच्या आठवड्यात रमजान लागत होता, त्यात रिंकच्या सगळ्या वेळा बदलतात, आणि नंतर मुलींच्या परीक्षा. तेव्हा कुणाला तरी माझी फाइल आठवली. सरावाच्या मॅचला धड शिट्टी वाजवणारं कुणी नाही म्हणून मी मागे सुट्टीत स्वतःच्या खर्चाने रेफरीचा कोर्स केला होता आणि त्याची परीक्षाही पास झाले होते. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेचं मोल मला त्या दिवशी कळलं.

"मी त्यांची कोच आहे," मी प्रमुखांना म्हणाले. "मी रेफरी कशी होणार?"

"मग कोण होणार, ते सांगा."

मला वाटलं, दुसऱ्या विद्यापीठाची कोच हरकत घेईल आणि मी सुटेन. ती लेबनीज बाई, माझ्यापेक्षा वयाने मोठी, कडक. तिने मला स्वतः फोन केला. "तू असशील तर माझी हरकत नाही. माझा तुझ्यावर विश्वास आहे." झालं. इतका संताप आला मला त्या विश्वासाचा. जरा संशय घेतला असता तर बिघडलं असतं का हिचं? नाही म्हणावं तर मॅच रद्द, बर्फ गेला. हो म्हणावं तर वर्षभर ज्या दिवसासाठी राबले त्या दिवशी मी बेंचवर नाही. आणि दोन्हीकडून माझ्याकडेच बघून सगळे म्हणत होते, मा फी मुश्किला.

मुलींना सांगितलं तर त्या नाचल्या. आपली मावशीच रेफरी. कॅप्टनने मला मिठी मारली. मी म्हटलं, अग, म्हणजे मी तुमच्याबरोबर नसणार, बदली कोण उतरेल ते तुम्हीच ठरवायचं, मला तुमच्याशी बोलताही येणार नाही. ते कुणाच्या कानात शिरलं नाही. संध्याकाळी लिफ्टमध्ये त्या नाशिकच्या मुलीची आई भेटली.

"तुम्हीच रेफरी म्हणे. मग आता काळजीच नाही."

"तसं नसतं हो, ताई."

"कळतं हो आम्हाला," त्या म्हणाल्या आणि माझ्या दंडावर हात ठेवून हसल्या. माझा मजला आला, मी उतरले.

मॅचच्या दिवशी सगळ्या मुलींचे वडील बाहेर पार्किंगमध्ये. माझा नवराही त्यांच्यात, कागदी कपातला कडक चहा धरून. आत काय चाललंय ते त्यांना फक्त आवाजावरून कळणार होतं. आत मी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून उभी. आमच्या मुलींनी एकमेकींचे हेल्मेट ठोकले आणि त्यांच्या बेंचच्या मागे मी उभी राहते त्या जागेवर पाण्याच्या बाटल्या ठेवल्या.

रेफरीचं काम अवघड नव्हतं. गप्प राहणं अवघड होतं. डावीकडची बचावपटू दमलीय, तिला बेंचवर घ्या, हे मला दिसतंय आणि तोंडात शिट्टी. समोरच्या टीमची लेबनीज कोच बेंचच्या कडेला पोट टेकून सारखी सूचना देतेय, एकेकीचा खांदा धरून समजावतेय. आमच्या बेंचवर कॅप्टन एकटी कावरीबावरी. दोन गोल खाल्ले ते निव्वळ बदली उशिरा झाल्यामुळे. तरी मुली भिडल्या. एक गोल कॅप्टनने फेडला, दुसरा त्या नाशिकच्या मुलीने, स्टिकने, अगदी मी दोन वर्षं घोकून घेतला होता तसा. मला टाळी वाजवता आली नाही. मी नुसतं जाळीकडे बोट दाखवलं.

शेवटचं मिनिटभर राहिलं असेल. बर्फाचा चुरा झालेला. आमच्या एकीने लांबून शॉट मारला, गोलकीपरच्या पॅडला आपटून पक परत आला तो थेट या मुलीच्या पायाशी. तिची स्टिक दुसऱ्या मुलीच्या स्टिकमध्ये अडकली होती. मी जाळीच्या अगदी कडेला, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. तिचा उजवा पाय मागे गेला, पुढे आला, आणि पक आत.

आख्खं बेंच बर्फावर धावलं. ती मात्र धावली नाही. हात वर केले नाहीत, काही नाही. तिथेच उभी राहून तिने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात आडवे पसरले. गोल नाही.

क्षणभर कुणाला अर्थच लागला नाही. मग कॅप्टन माझ्यासमोर येऊन म्हणाली, "मावशी?" एवढंच. नियमाप्रमाणे रेफरीशी बोलायचा हक्क कॅप्टनला असतो. मी तिला सांगितलं, किक होती. तिने हेल्मेट काढलं नाही, वाद घातला नाही, परत गेली. बरोबरीवरून पेनल्टी शॉट आले आणि त्यात आम्ही हरलो. त्या वेळी आमच्या बेंचवर रडणाऱ्या मुलींना, आता पुढे कुणाला पाठवावं, हे सांगायलाही कुणी नव्हतं.

मोबाइल टोपलीत, काचांवर पडदे. त्या पायाचं चित्र जगात कुठेच नाही. त्यामुळे ज्याला जे वाटेल ते त्याने पाहिलं. इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंड वाढताना एक बाई मला म्हणाली, पक नुसता आपटला होता म्हणे. ती कुवेतमध्येच नव्हती त्या आठवड्यात. दुसरी म्हणाली, आपल्याच मुलीचा गोल आपल्याच माणसाने घालवावा, हे इथेच होऊ शकतं. त्या मुलीची आई लिफ्टमध्ये मला बघून मोबाइल कानाला लावायला लागली. आणि त्या दिवशी घरी येताना गाडीत नवरा, बिचारा अगदी हळू, म्हणाला होता, "तुला दिसलंच नसतं तर?"

"मला दिसलं," मी म्हणाले, आणि महबूल्यापर्यंत त्याच्याशी बोलले नाही. त्याचा काय दोष? पण मला राग काढायला कुणीतरी हवं होतं. व्हिसावर काढता येत नाही, विम्यावर काढता येत नाही, पडद्यावर तर नाहीच नाही. वर्षानुवर्षं मी अशा गोष्टींशी भांडत होते ज्यांना तोंडच नव्हतं.

प्रमुखांनी चहा मागवला. "कोच, तुम्ही रेफरी व्हायला का तयार झालात?" असं त्यांनी खरंच मनापासून विचारलं. मी चहा संपवला. मग त्यांनी मला पॅडलची जबाबदारी दिली. "रॅकेटचा खेळ आहे, तुम्हाला सहज जमेल." जमतं. काचेच्या भिंतींना आतून कापड लावून घेतलंय, मुलींची वेळ सुरू झाली की मी हिरव्या सतरंजीसारख्या त्या कोर्टावर उभी राहून बॉल गोळा करते. मुली चांगल्या आहेत. मला कोच म्हणतात.

परीक्षा संपल्यावर ती मुलगी माझ्या घरी आली, विद्यापीठाचे ग्लोव्हज आणि हेल्मेट परत द्यायला. ही तिची शेवटची परीक्षा होती, पुढच्या शिक्षणाला ती बाहेर जाणार होती. मॅचपासून ती माझ्याशी धड बोलली नव्हती. मी तिला आत बोलावलं, पन्हं दिलं. एक गोष्ट मला इतके दिवस डाचत होती. सगळ्या गावाने तिच्या वतीने सांगितलं होतं की किक नव्हती. तिने स्वतः मात्र एकदाही तसं म्हटलं नव्हतं.

"किक होती ना ग?" मी विचारलं.

"ऑफ कोर्स किक होती."

इतके दिवस जे ऐकायला मी आसुसले होते ते मिळालं, आणि मला काडीचंही बरं वाटलं नाही. मी म्हटलं, "मग तू तरी सांगायचंस एकदा सगळ्यांना. तुला माहीत होतं. तू माझ्याकडे बघितलंस तेव्हाच मला कळलं, तुला माहीत आहे."

तिने ग्लास खाली ठेवला. "मी रेफरीकडे नव्हते बघत, मावशी. मला समजत नव्हतं, किक होती हे सांगू की नको सांगू. आय वॉज लुकिंग फॉर माय कोच."

"त्या दिवशी तुमची कोच नव्हतीच ग तिथे," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "समोरच्या टीमची होती."